कोपऱ्यातला डाग

"एकच वाक्य म्हणायचंय तुम्हाला," बोरसे वकीलबाई म्हणाल्या. "सात वर्षांत भावाची काहीही खबर नाही. बास. पुढचं मी बघते."

बोलता बोलता त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. हे वाक्य ऐकून माणसं रडतात, असा त्यांचा अनुभव असणार. मी रडले नाही. मी विचारलं, "आणि खबर लागली तर?"

"सात वर्षांत लागली नाही, ती आता पंधरा दिवसांत लागणार आहे का, मॅडम?"

कायदा तसा सरळ आहे. एखाद्याची खबर ज्यांना लागायलाच हवी अशा माणसांना ती सात वर्षं लागली नाही, तर तो माणूस मेला असं धरून चालायचं. प्रेत लागत नाही, डॉक्टरचा दाखला लागत नाही. माझ्या भावाच्या, श्रीरंगच्या बाबतीत अशी 'लागायलाच हवी' वाली माणसं शोधायला गेलं तर सापडणार मी एकटी. आईबाबा तो शाळेत असतानाच गेले, लग्न त्याने केलं नाही, मित्र त्याला कधी धरवले नाहीत. म्हणजे तो जिवंत की मेला, हे माझ्या तोंडातून काय बाहेर पडतं यावर ठरणार होतं.

घाई मला नव्हती, इमारतीला होती. नाशिकच्या इंदिरानगरातलं आमचं शिवदत्त अपार्टमेंट आता माणसांच्या भरवशावर उभं आहे. छताचे पोपडे पडतात, जिन्यातल्या सळ्या बाहेर आल्यात, लिफ्ट तर कधी नव्हतीच. पाडून नवीन बांधायचं ठरलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. आमचा फ्लॅट बाबांनी दोघा भावंडांच्या नावावर केलेला. माझी सही झाली, श्रीरंगची कोण करणार? सोसायटीचे सेक्रेटरी शेवाळेकाका माझ्या दारात येऊन उभे राहायचे आणि छताकडे बघायचे. त्यांच्या बायकोचे, शेवाळेकाकूंचे गुडघे गेलेत. तिसऱ्या मजल्यावरून त्या खाली उतरल्याला युग लोटलं. तरी दर मंगळवारी त्यांच्याकडून मला डबा यायचा, कधी मेथीची भाजी, कधी मुगाची खिचडी. त्या डब्याचं मला ओझं वाटायचं आणि मंगळवारी मी त्याची वाटही बघायचे.

"म्हणेन," मी बोरसेबाईंना म्हटलं. "एकच वाक्य तर आहे."

*

रात्री आकाशाचे फोटो काढणारे लोक दिवसा काय करतात हे फार थोड्यांना माहीत असतं. ते साफसफाई करतात.

कॅमेरा उचलून आभाळाकडे धरला आणि दाबलं बटण, असं होत नाही. एका फोटोत दिसते नुसती खरखर आणि चार ठिपके. म्हणून आकाशाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा टिपायचा आणि ते सगळे फोटो एकावर एक रचायचे. तारा प्रत्येक फोटोत आपल्या जागी असतो, त्यामुळे तो ठसठशीत होत जातो. खरखर दर फोटोत वेगळ्या जागी असते, एका फोटोतली दुसऱ्यातलीला खाऊन टाकते. आणि जे एखाद्याच फोटोत उगवतं, विमान म्हणा, काजवा म्हणा, त्याला सॉफ्टवेअर खोटं ठरवून बाहेर काढतं. हे काम करणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरचं नाव 'चाळण'. पुण्या-नाशिकच्या काही हौशी मंडळींनी ते सुरू केलं, फुकट आणि मोकळं, म्हणजे आतली कारागिरी कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी. आता ते जगभर वापरतात. परदेशातले लोक त्याला 'चलान' म्हणतात आणि ट्रॅफिक पोलिसाने दंड केल्यासारखं वाटतं.

पण गेल्या काही वर्षांत एकट्याने फोटो काढणं संपल्यात जमा आहे. आमच्या लहानपणी उपग्रह दिसला की पोरं गच्चीवर ओरडायची. आता इंटरनेटचे इतके उपग्रह फिरतायत की आभाळाची एकरेघी वही झालीय. कुठलाही फोटो घ्या, रेघा ओढलेल्याच. एकट्याच्या फोटोंमधून रेघा काढल्या तर खाली आभाळच उरत नाही. म्हणून 'पंगत' सुरू झाली. गावोगावचे, देशोदेशीचे लोक आपापले फोटो एका ठिकाणी टाकतात, चाळण ते सगळे मिळून चाळते आणि तयार झालेलं स्वच्छ चित्र सगळ्यांच्या ताटात वाढते. तुमची रेघ माझ्या फोटोत नसते, माझी तुमच्यात.

पंगतीचा एक नियम आहे, शेजारी कोण बसलाय ते विचारायचं नाही. फोटोवरचं नाव आणि ठिकाण चाळण आधीच पुसून टाकते. याला कारण आहे. एखाद्या ठिकाणी काळोख चांगला आहे असं कळलं की वर्षाच्या आत तिथे 'तारांगण रिसॉर्ट' उभं राहतं आणि रात्रभर त्याच्या गेटवरचे दिवे जळतात. काळोख जपायचा तर तो लपवावा लागतो. या नियमासाठी मत घेतलं तेव्हा मीही हात वर केला होता.

मी स्वतः फोटो काढत नाही. मी पाखडणारी. चाळणीला जिथे शंका येते तिथे माणसाने बघून निर्णय द्यायचा, त्याला आम्ही पाखडणं म्हणतो. माझी सगळी नोकरी कॅलेंडरच्या छापखान्यात झाली, छपाईआधी पानं तपासायची. लक्ष्मीच्या गालावर शाईचा ठिपका गेला तर गिऱ्हाईक गठ्ठे परत आणून टाकतं. त्यामुळे डाग मला माणसांच्या आधी दिसतात. छापखाना बंद पडला, श्रीरंगही निघून गेला, आणि घरात दिवसदिवस माझा आवाज मला ऐकू येईना. चाळण निदान मला प्रश्न तरी विचारायची. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच मी पाखडायला बसले.

*

बोरसेबाईंकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसले, तर चाळणीने एक गठ्ठा पुढे केला. वर शेरा होता : 'अनोंदित कृष्णमेघ?'

कृष्णमेघ म्हणजे अवकाशातला धुळीचा ढग. तो मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवतो, म्हणून फोटोत काळा खड्डा दिसतो. यंत्र कितीही हुशार असलं तरी खरा ढग आणि कॅमेऱ्यातला डाग यात ते गोंधळतं. मी गठ्ठ्यातले फोटो एकामागोमाग एक पुढे केले. तारे दर फोटोला थोडे सरकत होते. खालच्या उजव्या कोपऱ्यातला काळा अर्धचंद्र मात्र जागचा हलत नव्हता. म्हणजे तो आभाळातला नव्हता, कॅमेऱ्याबरोबर फिरत होता. सोपं काम. 'नाकार' दाबायला बोट उचललं.

मग मी त्या अर्धचंद्राकडे नीट पाहिलं. त्याचं वरचं टोक उंदराने कुरतडल्यासारखं होतं.

तो डाग मी ओळखते. तो आमच्या स्वयंपाकघरात पडलाय.

कॅमेऱ्याला पूर्ण अंधारातही खोटा उजेड दिसतो. आतली उजेड टिपणारी चकती तापली की तिच्यावर भलतेच ठिपके उमटतात, आणि दर कॅमेऱ्याचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. ते घालवायचे तर कॅमेऱ्याचं झाकण लावून निव्वळ अंधाराचे फोटो काढायचे, तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच थंडीत. त्याला 'डार्क' म्हणतात. खऱ्या फोटोतून हा अंधार वजा केला की खोटे ठिपके जातात. श्रीरंग डोंगरावर कडाक्याच्या थंडीत फोटो काढून यायचा आणि तेवढी थंडी नाशकात घरात कुठे मिळायची? त्याने कॅमेरा फ्रीजमध्ये ठेवला. भाजीच्या कप्प्यावर, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी.

"ताई, सकाळपर्यंत फ्रीज उघडायचा नाही. काही झालं तरी."

"दुधाला विरजण लावायचंय."

"एक दिवस दही नसलं तर मरणार नाही आपण."

तो झोपला आणि मी दूध काढलं. फ्रीजचा दिवा लागला. कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या भोकावर त्याने चिकटवलेली पट्टी थंडीने सुटली होती, तिथून उजेड आत गेला. अंधारात उजेड मिसळला. मग तो अंधार फोटोतून वजा केला की जो उजेड आभाळात कधी नव्हताच तोही वजा व्हायचा आणि कोपऱ्यात खड्डा पडायचा. श्रीरंगला ते कळलं तेव्हा त्याने मला फ्रीजसमोर उभं करून अर्धा तास विज्ञान शिकवलं. आणि नवीन डार्क मात्र काढले नाहीत. प्रत्येक फोटोतला तो खड्डा तो हाताने बुजवत बसायचा आणि मला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडायचा.

त्याला मी वाढवला. त्याचा डबा, त्याची फी, पुढे त्याची नोकरी सुटली तेव्हा त्याच्या औषधाच्या वेळा, त्याच्यासाठी बघितलेली स्थळं, तो कुठे पोचला, काय जेवला, सगळं मी सांभाळलं. एक दिवस तो कॅमेरा आणि तो ठेवायचं तिकाटणं घेऊन डोंगरावर गेला आणि तिथून फोनवर निरोप आला : 'ताई, मी ठीक आहे. शोधू नकोस.' मग फोन कायमचा बंद. मी शोधलं. पोलिसांत गेले, नाशिकरोड स्टेशनवर फोटो लावले, सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागारातून जेव्हा जेव्हा बोलावणं आलं तेव्हा जाऊन परक्यांची तोंडं बघून आले. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. विचार करून करून मी दमले, एवढंच सांगू शकते.

आणि आता हा डाग. फोटो गेल्याच महिन्यातले होते, तारखा पुसल्या जात नाहीत कारण चाळणीला त्या लागतात. मी खोट्या ठिपक्यांची जुळणी करून पाहिली. श्रीरंगच्या जुन्या फोटोंच्या प्रती माझ्याकडे होत्या. कॅमेरा तोच, डार्क तोच. चहावर साय धरली होती. मी ती सायीसकट प्यायले आणि मग हुंदका आला.

*

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. कॅमेरा त्याचा, पण हात कुणाचे? त्याने तो विकला असेल. कुणी चोरला असेल. कुणाला तो त्याच्या... तो विचार मी पुरा केला नाही.

पाखडणाऱ्याला देणाऱ्याशी बोलता येत नाही. तीन ठरलेली बटणं आहेत, 'स्वीकार', 'नाकार' आणि 'डार्क नव्याने घ्या'. देणारा मात्र एका ओळीचं उत्तर लिहू शकतो. सात वर्षांनी भावाला निरोप धाडायचा आणि आपल्या हातात शब्द काय, तर 'डार्क नव्याने घ्या'. मी तेच बटण दाबलं.

उत्तर येईना. कोर्टाची तारीख जवळ येत होती. शेवाळेकाका दारात उभं राहून विचारून गेले, "हर्षदा, गाडी सांगतोय मी. सगळे बरोबरच जाऊ कोर्टात. तुला एकटीला नको."

ते गेल्यावर मी कोंडा उघडला.

चाळणीने बाहेर काढलेलं सगळं, रेघा, विमानं, कचरा, त्याला आम्ही 'कोंडा' म्हणतो. तो लगेच पुसला जात नाही. चुकून काही खरं गेलं असेल तर परत घेता यावं म्हणून अमावास्येपर्यंत ठेवतात. त्या गठ्ठ्याच्या कोंड्यात उपग्रहांच्या पुष्कळ रेघा होत्या. आणि मला एक गोष्ट सुचली, जी याआधी कुणाला सुचली असेल तर तो शहाणा गप्प बसला असेल.

बोट डोळ्यांसमोर धरा. डावा डोळा मिटला की ते भिंतीवरच्या एका ठिकाणी दिसतं, उजवा मिटला की दुसऱ्या. उपग्रहाचंही तसंच. एकच उपग्रह नाशकातून एका ताऱ्याजवळून जाताना दिसतो आणि नागपुरातून दुसऱ्याच. आता उपग्रह एकमेकांवर आदळू नयेत म्हणून कंपन्यांना त्यांच्या वाटा अगदी बारकाईने जाहीर कराव्या लागतात. म्हणजे फोटोतली रेघ कुठल्या ताऱ्यांमधून गेली ते बघायचं आणि उलटा हिशोब करायचा, तसं दिसायला माणूस पृथ्वीवर कुठे उभा असायला हवा? एका रेघेवरून एक जागा मिळत नाही. नकाशावर एक लांब रेषा मिळते, त्या रेषेवर तो कुठेही असू शकतो. पण दुसऱ्या दिशेने गेलेल्या उपग्रहाची रेघ घेतली की दुसरी रेषा मिळते. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कॅमेरा. कदाचित अंगणापर्यंत अचूक.

नाव पुसलं, ठिकाण पुसलं, आणि जो कचरा म्हणून आम्ही बाजूला काढत होतो त्याच्यात प्रत्येकाचा पत्ता होता. पंगतीतल्या एकूण एक माणसाचा.

मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. आता यायला लागतही नाही. संगणकातल्या मदतनीसाला मराठीत समजावून सांगितलं, त्याने लिहून दिलं. शेवटी त्याने विचारलं, "हे पंगतीच्या नियमाविरुद्ध आहे. पुढे जायचं?"

"जायचं," मी म्हटलं. यंत्रापुढे लाजायचं काय.

पहिली रेषा नकाशावर उमटली. सातपुड्यातून, नंदुरबारवरून उतरून चाळीसगाव, माजलगाव, उदगीर आणि तिथून तेलंगणात. मी बोट ठेवून त्या रेषेवरून हळूहळू खाली गेले. चाळीसगावच्या स्टँडवर तो भजी खात असेल. माजलगावच्या धरणाकाठी त्याची खोली असेल. नंदुरबारकडच्या एखाद्या आश्रमशाळेत पोरांना विज्ञान शिकवत असेल, तेच ते अंधारात उजेड मिसळल्याचं. सात वर्षं तो कुठेच नव्हता, आता निदान एका रेषेइतका झाला होता. मी भाताचा कुकर लावायला विसरले.

दुसऱ्या रेघेसाठी एक बटण दाबायचं बाकी होतं. तेवढ्यात चाळणीने टुणकन आवाज केला. देणाऱ्याचं उत्तर.

'डाग माहीत आहे. बहिणीने दुधासाठी फ्रीज उघडला तेव्हाचा. तो काढायचा नाही. फोटो नाकारलात तरी चालेल.'

मी ती ओळ वाचली. परत वाचली. मग उठून ओटा पुसला, पुसलेला होता तरी.

तो जिवंत होता. कॅमेरा त्याच्याच हातात होता. त्याने एका परक्या, बिननावाच्या माणसाला लिहिलं होतं आणि त्याला वाटलंही नसेल की जगातल्या इतक्या पाखडणाऱ्यांतून ते माझ्याच सुपात येईल. जो डाग तो हाताने बुजवत बसायचा तो त्याने आता तसाच ठेवला होता. माझी आठवण त्याला हवी होती. फक्त मी नको होते.

हे मला त्याने तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते. इथे भांडायला कुणी नव्हतं.

मी दुसरी रेषा काढली नाही. त्या दिवशी काढली नाही, एवढंच. कोंडा अजून शिल्लक होता आणि मी काही साधुसंत नाही.

*

कोर्टाच्या बहुतेक तारखा आता पडद्यावरच उरकतात. माणसाला मेलेलं ठरवायचं असेल तर मात्र समोर उभं राहून शपथ घ्यावी लागते. शेवाळेकाकांनी सांगितलेल्या गाडीत आम्ही सगळे गेलो. वाटेत शेजारच्या सोमणांच्या सुनेने नव्या इमारतीच्या लिफ्टचा फोटो दाखवला. व्हीलचेअर आरामात मावेल एवढी होती.

न्यायाधीशबाई माझ्याहून तरुण होत्या. शेजारी साक्ष टिपणारं यंत्र, त्याचा हिरवा दिवा. मागच्या बाकांवर आख्खं शिवदत्त अपार्टमेंट.

"तुमचे बंधू श्रीरंग कुलथे. गेल्या सात वर्षांत त्यांची काही खबर?"

बोरसेबाईंनी मान आधीच नकारार्थी हलवून ठेवली होती.

"आहे," मी म्हटलं.

मागे बाक करकरला. बोरसेबाई पुटपुटल्या, "मॅडम, प्रश्न नीट ऐका."

"ऐकला. खबर आहे. तो जिवंत आहे."

"कुठे असतात ते?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"फोन आला? पत्र?"

"नाही. त्याने एका तिऱ्हाइताला माझ्याबद्दल एक ओळ लिहिली. ती माझ्यापर्यंत पोचली. त्यातली गोष्ट आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"त्यांचा ठावठिकाणा काढता येईल असं काही तुमच्याकडे आहे?"

 खरं सांगायचं तर होतं. तसं म्हटलं असतं तर कोर्टाने कोंडा मागवला असता आणि उद्या श्रीरंगच्या दारात समन्स घेऊन पोलीस उभा राहिला असता. परवा आणखी कुणीतरी आणखी कुणाच्या तरी दारात. त्या पंगतीत घर सोडून आलेली किती माणसं बसली असतील, कुणाला काय माहीत.

"शोधू नकोस असं तो सांगून गेलाय," मी म्हटलं. "मी शोधणार नाही. मला दुसऱ्यानेही शोधलेला नको आहे."

"तुम्ही शपथेवर आहात, बाई."

"म्हणूनच त्याला मेला म्हणत नाही."

 न्यायाधीशबाईंनी खबर असल्याचं नोंदवून अर्ज फेटाळला. यंत्राने ते टिपलं आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

बाहेर शेवाळेकाका पायऱ्यांवर उभे होते. त्यांना रागावता येत नाही, तेच वाईट.

"सात वर्षं गप्प बसलीस, हर्षदा. आजच सुचलं?"

"काका, मला आत्ताच कळलं. देवाशप्पथ."

"मग हिला काय सांगू मी? अजून किती वर्षं खिडकीत बसवू तिला?"

 तो माणूस खरं बोलत होता आणि मीही. गाडीत जागा होती. मला कुणी चल म्हटलं नाही. मी समोरच्या सीबीएस स्टँडवरून बस धरली आणि खिडकीशी बसून घरी आले.

मंगळवारी डबा आला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. जिन्यात माणसं भेटली की फोन कानाला लावायची. बिल्डरचा माणूस येऊन बाहेरचा नव्या इमारतीचा फलक काढून घेऊन गेला. वरच्या खिडकीत काकू दिसल्या, मी हात केला. त्यांनी केला नाही. त्यांच्या जागी मीही केला नसता.

*

अमावास्येच्या दुपारी मी संगणक उघडला. संध्याकाळी कोंडा पुसला जाणार होता. त्याच्याबरोबर दुसरी रेषाही.

मला तो हवा होता. हे मोठ्या मनाचं वगैरे काही वाटून घेऊ नका. कोर्टात जे बोलले ते बोलले, पण रिकाम्या घरात बसून माणसाला आपली वाक्यं आठवत नाहीत. मला त्याच्या हातचा वाईट चहा हवा होता. तो केवढा झालाय, केस पांढरे झालेत का, गोळ्या घेतो का, हे बघायचं होतं. एक बटण, एक एसटी, आणि मी त्याच्या दारात. इमारतीने टाकल्यावर मला दुसरं होतं कोण?

मी दार वाजल्याचं मनात आणून बघितलं. तो दार उघडतो. समोर मी. पहिलं त्याच्या तोंडावर काय येईल? कितीही प्रयत्न केला तरी मला तिथे हसू आणता येईना. दार उघडणारा माझा भाऊ नसता, तो पकडला गेलेला माणूस असता. आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सामान बांधलं असतं. या वेळी कॅमेराही मागे ठेवला असता.

मदतनीसाने लिहून दिलेला सगळा हिशोब मी पुसून टाकला. पहिली रेषासुद्धा. मग पाखडणाऱ्यांच्या सभेला कळवलं की यापुढे कोंडा ठेवू नका, त्यातून माणसं सापडतात, चाळून झालं की लगेच जाळा. कसं कळलं म्हणून विचारतील. विचारू देत, पाखडण्याच्या कामावरून काढलं तर काढलं.

श्रीरंगचे फोटो तेवढे राहिले होते. बाकीच्यांच्या फोटोंत त्या कोपऱ्यात डाग नव्हता, त्यामुळे सगळे मिळून चाळले की त्याचा खड्डा आपोआप भरून येणार होता. जगभरच्या लोकांच्या ताटात स्वच्छ आभाळ पडणार होतं. मी 'स्वीकार' दाबलं.

दोष असलेला फोटो स्वीकारला तर चाळण पाखडणाऱ्याला कारण विचारते. छोटा रकाना असतो, त्यात बहुतेक जण 'किरकोळ दोष' लिहून मोकळे होतात. ते कारण देणाऱ्याला जाऊन पोचतं. आपण कोण हे त्यात लिहायचं नाही, असा नियम आहे.

नियम मी एकदा मोडलेला होता, त्याच्या नकळत, त्याला धरायला. या वेळी मोडणार होते ते त्याच्या हातात काही द्यायला. वाचून तो कायमचा गप्प होईल, पंगतीतून उठून जाईल, हेही दिसत होतं. तसं झालं तर पुढच्या महिन्यात डागही नाही. मराठी कळफलकावर मी दोनदा चुकले.

रकान्यात मी लिहिलं, 'ती बहीण मी. पत्ता तोच आहे.'